‘विस्थापन’ : एका शब्दाची जागा

‘विस्थापन’ हा शब्द मराठी विद्यार्थ्याला प्रथम भेटतो तो बहुधा इयत्ता नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकात. तेथे ‘अंतर’ आणि ‘विस्थापन’ यांतला भेद समजावून दिलेला असतो. वस्तूने प्रत्यक्ष आक्रमिलेल्या मार्गाची लांबी ते अंतर. आरंभबिंदू आणि अंतिम बिंदू यांना सरळ जोडणारी लांबी, तिच्या दिशेसह, ते विस्थापन. घरातून निघालेला मुलगा गावभर हिंडून घरी परतला, तर त्याने अंतर कितीही तोडलेले असो, त्याचे विस्थापन शून्य. पुढे हाच शब्द रसायनशास्त्रात येतो. मोरचुदाच्या निळ्या द्रावणात जस्ताची पूड टाकली की जस्त तांब्याला बाहेर ढकलते आणि स्वतः त्याच्या जागी जाऊन बसते. द्रावणाचा निळा रंग ओसरतो. ही विस्थापन अभिक्रिया. त्यानंतर शब्द भेटतो वर्तमानपत्रात, धरणाच्या किंवा महामार्गाच्या बातमीत; आणि साहित्याचा विद्यार्थी असल्यास सरतेशेवटी चर्चासत्रात, जिथे आधुनिक मनाचे, भाषेचे, अर्थाचे, सगळ्यांचेच विस्थापन झालेले असते.

अर्थांची यादी देणे हा आमचा हेतू नाही. ते काम कोशाचे. आम्हाला कुतूहल आहे ते एका अरुंद पण लांब इतिहासाचे. आपल्या जागेवरून उठवल्या गेलेल्या माणसाला मराठी मुलखात वेळोवेळी कोणत्या नावाने ओळखले गेले, आणि ते नाव बदलले की त्या नावाखाली मोजल्या जाणाऱ्या माणसांची संख्या कशी बदलली, एवढाच प्रश्न येथे घेतला आहे. नाव हे केवळ वर्णन नसते, ते मोजमापही असते. आणि भरपाईच्या यादीत ज्याचे नाव नाही त्याला हे वेगळे सांगावे लागत नाही.

‘विस्थापन’ रूपाने संस्कृत असले तरी वापराने आधुनिकच आहे. जुन्या मराठी कागदांत दुसरीच मंडळी भेटतात. ‘रयत परागंदा झाली’ हा प्रयोग मराठेकालीन पत्रव्यवहारात ठायी ठायी आढळतो. ‘परागंदा’ हा मूळचा फारसी शब्द. विखुरलेला, पांगलेला असा त्याचा अर्थ. लष्कराची दौड, दुष्काळ किंवा सरकारची ज्यादा तगाद्याची वसुली यांपैकी काहीही झाले की रयत पांगे आणि गाव ‘बेचिराख’ होई. आज आपण बेचिराख म्हणजे जळून राख झालेले असे समजतो, कारण शब्दाच्या शेवटी आपल्याला ‘राख’ ऐकू येते. वास्तविक हा शब्द ‘बे’ आणि ‘चिराग’ यांचा. ज्या गावात दिवा लागत नाही ते गाव बेचिराख. महसुली भाषेत त्याचा अर्थ कोरडाच होता: येथे वस्ती नाही, सबब येथून वसूल येणार नाही. तरीही त्या कोरड्या नोंदीत संध्याकाळच्या दिव्याची खूण शिल्लक राहिली, ही भाषेची एक करामतच म्हणायची.

या जुन्या शब्दांत दोन गोष्टी लक्षणीय आहेत. परागंदा होणारा माणूस हा त्या क्रियेचा कर्ता आहे. तो पळाला आहे. पळण्याला कारण घडले, पण पाय त्याचे आहेत. दुसरे असे की तो परत येईल हे गृहीत आहे. जमीन मुबलक आणि कसणारे हात थोडे अशा त्या काळात पळालेली रयत परत आणणे हेच राज्यकर्त्यांचे काम होते. त्यासाठी कौल दिला जाई. पहिली काही वर्षे हलका सारा आणि मग चढत्या क्रमाने पूर्ण आकार, असा इस्ताव्याचा करार होई. मिरासदार गाव सोडून गेला तरी त्याचा हक्क लगोलग बुडत नसे. दीर्घ काळाने तो परतला तर आपले शेत मागू शकत असे, असे कंपनी सरकारच्या आरंभीच्या अधिकाऱ्यांनीही नमूद करून ठेवले आहे. ज्यांचे कोणी उरलेच नाही त्यांच्या जमिनीला ‘गतकुळी’ म्हणत. म्हणजे माणसे गेली तरी जमीन त्यांच्याच नावाने ओळखली जाई. अर्थात ही सोय मिरासदारापुरती. ज्याला वंशपरंपरेचा हक्क नव्हता त्या ‘उपरी’ कुळाला परतण्यासाठी असे काही राखून ठेवलेले नव्हते. या उपऱ्याकडे पुढे पुन्हा यावे लागेल.

विसाव्या शतकात हे चित्र उलटे झाले. आता राज्याला रयत परत यायला नको होती. जमीन हवी होती, आणि ती रिकामी हवी होती. मराठी मुलखात या उलथापालथीचा पहिला मोठा प्रसंग मुळशीचा. टाटा कंपनीच्या जलविद्युत योजनेसाठी मुळशी पेट्यातील मुळा-निळा नद्यांच्या संगमावर धरण बांधायचे ठरले, वीज जाणार होती मुंबईला, आणि मावळातली भातखाचरे पाण्याखाली जाणार होती. १९२१ च्या रामनवमीला सत्याग्रह सुरू झाला. तो १९२४ पर्यंत चढउतारांनी चालला. पांडुरंग महादेव बापट यांच्या नावामागे ‘सेनापती’ हे बिरूद कायमचे लागले ते येथे. विनायकराव भुस्कुटे यांनी त्या लढ्याचा वृत्तांत लिहिला आणि राजेंद्र व्होरा यांनी पुढे त्याची साक्षेपी मांडणी केली. ही नावे साहित्याच्या विद्यार्थ्यांच्या वाचनात सहसा येत नाहीत, म्हणून मुद्दाम नोंदवतो.

मुळशीच्या लढ्याची घोषणा ‘जान किंवा जमीन’ अशी होती. तिच्यात विस्थापनाला पर्यायी असा कोणताही शब्द नाही, आणि नुकसानभरपाईही नाही. ती समोरासमोर ठेवलेली दोनच पदे आहेत. याउलट ज्या कायद्याने ती जमीन घेतली गेली, त्या १८९४ च्या भूसंपादन कायद्याची भाषा पाहावी. त्यात उठवला जाणारा माणूस नाहीच. त्यात आहे ‘हितसंबंधित व्यक्ती’. आणि तिची व्याख्या अशी की भरपाईत आपला हितसंबंध आहे असा दावा करणारी ती हितसंबंधित व्यक्ती. म्हणजे कायद्याच्या नजरेत मावळ्याचे हित त्याच्या खाचरात नव्हते, ते त्या खाचराच्या बदल्यात मिळणाऱ्या रकमेत होते. ही व्याख्या करणाऱ्याला विनोद करायचा नव्हता, हे खरे.

याचा परिणाम कोणावर झाला? मुळशी पेट्यात कितीतरी जमिनी कर्जापायी पुण्यातल्या सावकारांच्या नावावर गेलेल्या होत्या. कसणारा मावळा कूळ होता. कागदावरचा मालक शहरात होता. कायद्याला मालक ठाऊक होता, कूळ नव्हते. त्यामुळे ज्याला गाव सोडायचे नव्हते त्याला भरपाई नव्हती आणि ज्याला भरपाई होती त्याला गाव सोडायचेच नव्हते, कारण तो तेथे राहतच नव्हता. लढ्याच्या आघाडीत पडलेली फूट समजून घ्यायची तर पुढाऱ्यांच्या स्वभावांपेक्षा ही ‘हितसंबंधा’ची व्याख्या अधिक उपयोगी पडते, असे आमचे मत आहे.

युरोपात दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ‘डिस्प्लेस्ड पर्सन’ ही संज्ञा रूढ झाली. युजीन कुलिशर या लोकसंख्याशास्त्रज्ञाच्या १९४३ मधील अभ्यासाकडे तिचे श्रेय दिले जाते. युद्धानंतर छावण्यांतून अडकलेल्या लाखो माणसांसाठी ती प्रशासनाने वापरली आणि फाळणीनंतर आपल्याकडच्या कायद्यांनी ती जशीच्या तशी उचलली. १९५० आणि १९५४ चे दावे, भरपाई आणि पुनर्वसनाचे केंद्रीय कायदे हे ‘डिस्प्लेस्ड पर्सन्स’साठीचे आहेत. मराठीने मात्र या लोकांना म्हटले ‘निर्वासित’. कल्याणजवळच्या जुन्या लष्करी छावणीत सिंधी कुटुंबे आली आणि १९४९ मध्ये तिचे उल्हासनगर झाले, तरी आजूबाजूच्या लोकांच्या तोंडी बराच काळ तो निर्वासितांचा कॅम्पच राहिला. ‘निर्वासन’ हा संस्कृतात शिक्षेचा शब्द. राजा ज्याला राज्याबाहेर घालवतो तो निर्वासित. सीतेचे झाले ते निर्वासन. शिक्षेचा शब्द अपराध नसलेल्यांना लावला गेला, आणि त्यातली लांच्छनाची छटा बोलण्यातून पुरती कधी गेली नाही. तरी त्या शब्दात एक सत्य होते: कोणीतरी घालवले आहे. ‘स्थलांतरित’ या शब्दात तेही राहत नाही. १९९० मध्ये काश्मीर खोऱ्यातून बाहेर पडावे लागलेल्या पंडितांना सरकारी दप्तरात ‘मायग्रंट’ म्हटले गेले, आणि त्या शब्दाविरुद्ध त्यांचा रोष का आहे हे त्यामुळे सहज समजते.

धरणांचे युग सुरू झाल्यावर मराठीने आणखी एक प्रत्यय कामाला लावला: ‘ग्रस्त’. धरणग्रस्त, प्रकल्पग्रस्त. पूरग्रस्त, दुष्काळग्रस्त, भूकंपग्रस्त यांच्या रांगेत ते जाऊन बसले. ‘ग्रस्’ म्हणजे गिळणे. ग्रहणात चंद्र ग्रस्त होतो. शब्दार्थाने पाहिले तर धरणग्रस्ताइतके अचूक नाव दुसरे नाही, कारण धरणाने गावे खरोखरच गिळली. परंतु शब्दार्थापेक्षा सोबत प्रबळ असते. पूर, दुष्काळ, भूकंप यांच्या संगतीत धरणही दैवी आपत्तीसारखे वाटू लागते. ज्याचा आराखडा आहे, अंदाजपत्रक आहे, उद्घाटनाची कोनशिला आहे, ते धरण जणू आकाशातून पडले. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत आणि पाठोपाठ खडकवासला ही धरणे फुटली आणि पुण्याच्या पेठांत पाणी शिरले. त्यात घर गमावलेले ‘पूरग्रस्त’ झाले. गोखलेनगर, सहकारनगर यांसारख्या वसाहती त्यांच्यासाठी उभ्या राहिल्या. त्याच धरणांसाठी ज्यांची गावे उठली होती ते ‘धरणग्रस्त’. फुटलेल्या धरणाचे पाणी ‘पूर’ म्हणवते आणि न फुटलेल्या धरणाचे पाणी ‘विकास’. माणूस दोन्हीकडे ग्रस्तच.

गावकरी स्वतः काय म्हणतात? ‘आमचं गाव धरणात गेलं.’ ‘आम्हाला उठवलं.’ ही दोनच वाक्ये, पण त्यांत व्याकरण पूर्ण आहे. पहिल्यात गाव जाते, जसे माणूस जातो. दुसऱ्यात कोणीतरी उठवणारे आहे, भले त्याचे नाव उच्चारलेले नसो. ‘विस्थापन झाले’ या वाक्यात ना गाव आहे ना उठवणारा. क्रिया घडली, एवढेच. भाववाचक नामांची सोय अशीच असते. ती कर्त्याला आडोसा देतात. विश्वास पाटील यांच्या ‘झाडाझडती’ या १९९१ च्या कादंबरीचे नावच पाहावे. त्यात विस्थापन नाही, पुनर्वसन नाही. झाडाझडती कोणीतरी कोणाची तरी घेत असते, हे ते नाव विसरू देत नाही.

आणि तरीही ‘विस्थापित’ या शब्दाने काही दिले, हे मान्य केले पाहिजे. हितसंबंधित व्यक्ती मालकच असावी लागे. विस्थापित होण्यासाठी फक्त तेथे असावे लागते. महाराष्ट्राने १९७६ मध्ये प्रकल्पांमुळे उठणाऱ्यांच्या पुनर्वसनाचा कायदा केला. देशातल्या अशा कायद्यांत तो अगदी आरंभीचा, आणि त्याच्या इंग्रजी शीर्षकात ‘डिस्प्लेस्ड’ हा शब्द होता. १९८६ च्या कायद्यात त्याची जागा ‘अफेक्टेड’ने घेतली, आणि १९९९ च्या कायद्यानेही तीच ठेवली. मराठीत हेच ‘प्रकल्पबाधित’. वरवर पाहता हा शब्द अधिक पुळचट आहे. ‘बाधा’ भुताचीही होते. पण तो अधिक रुंद आहे. ज्याचे घर वाचले पण शेत गेले, तो विस्थापित नाही. बाधित मात्र आहे. इतक्या वर्षांच्या झगड्यातून आलेली ही रुंदी केवळ शब्द सौम्य झाला म्हणून नाकारता येत नाही.

नर्मदेच्या खोऱ्यात तर एकेका शब्दावर पिढ्या गेल्या. नर्मदा जलविवाद लवादाने १९७९ मध्ये निवाडा दिला तेव्हा बुडिताखाली येणाऱ्या माणसासाठी ‘औस्टी’ हा शब्द वापरला. हुसकावून लावलेला, असा त्याचा अर्थ. सरकारी भाषेत इतका उघड शब्द क्वचितच सापडतो. व्याख्याही उदार होती: भूसंपादनाच्या अधिसूचनेपूर्वी किमान एक वर्ष बुडीत क्षेत्रात राहणारा, शेती करणारा किंवा एखादा व्यवसाय करणारा. मात्र महाराष्ट्रातली जी ३३ गावे सरदार सरोवराच्या बुडितात येत होती, अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली, ती आदिवासींची. पिढ्यानपिढ्या कसलेली त्यांची कितीतरी जमीन कागदोपत्री वनखात्याची होती. त्यामुळे लवादाच्या शब्दात ‘औस्टी’ असलेला माणूस तलाठ्याच्या दप्तरात ‘अतिक्रमणदार’ होता. जो स्वतःच घुसलेला आहे त्याला हुसकावले असे कसे म्हणणार? मणिबेलीपासून सुरू झालेला संघर्ष धरणाच्या उंचीचा होता, तितकाच या एका शब्दाखालून माणसे बाहेर काढण्याचाही होता.

कोयनेच्या कथेत पदार्थविज्ञानातली व्याख्या आठवल्यावाचून राहत नाही. शिवसागर जलाशय भरत गेला तशी काही माणसे दूरच्या जिल्ह्यांतल्या वसाहतींत गेली आणि काही तेथेच डोंगराच्या अंगाने वर सरकली. वर सरकलेल्यांभोवती १९८५ मध्ये अभयारण्य आले आणि २०१० मध्ये व्याघ्र प्रकल्प. पाण्याने एकदा, वाघाने दुसऱ्यांदा. शास्त्राच्या हिशेबाने नदीकाठापासून डोंगरमाथ्यापर्यंतचे विस्थापन फारच थोडे भरेल. एखाद्या कुटुंबाने लांबची वसाहत सोसवली नाही म्हणून परत येऊन पाण्याच्या काठी खोपट घातले, तर जवळपास शून्य. आम्हाला वाटते, या शब्दाचा योग्य अर्थ शोधायचा तर भौतिकीच्या वर्गातून उठून रसायनाच्या वर्गात बसावे. तेथे विस्थापन म्हणजे एक जाणे नव्हे. दुसऱ्याने जागा घेणे. तांबे आपोआप बाहेर पडत नाही, जस्त आत येते म्हणून ते पडते.

हाच विचार आपल्या वैयाकरणांनी फार पूर्वी, अगदी निराळ्या संदर्भात, केलेला आहे. पाणिनीच्या परिभाषेत ज्या वर्णाची वा शब्दाची जागा दुसरा घेतो तो मूळचा ‘स्थानी’, आणि जागा घेणारा तो ‘आदेश’. परंपरा असे मानते की आगम मित्रासारखा येतो, शेजारी बसतो. आदेश शत्रूसारखा येतो, असलेल्याला काढून बसतो. मराठीत ‘आदेश’ म्हणजे सरकारी हुकूम, आणि ज्या कागदाने गाव उठते त्याच्या माथ्यावर तोच शब्द असतो. हा योगायोग आहे, व्युत्पत्तीचा पुरावा नव्हे. शिक्षकांनी वर्गात सांगताना तेवढे पथ्य पाळावे. पाणिनी पुढे असेही सांगतो की वर्णाशी निगडित विधी सोडले तर आदेश हा स्थानीसारखाच वागतो, मूळचे हक्क त्याच्याकडे जातात. पुनर्वसनाच्या अधिकाऱ्यांना हे सूत्र कोणी शिकवले असते तर! नव्या गावठाणाकडे जुन्याचे काय जाते? बहुधा नावच. उजनी जलाशयात जुने पळसदेव गेले, नव्या पळसदेवने नाव ठेवले; आणि पाणी फार खाली गेलेल्या वर्षी पळसनाथाचे जुने मंदिर वर येते तेव्हा एकाच नावाची दोन गावे समोरासमोर उभी राहतात.

देवांच्या बाबतीत आपली भाषा अधिक सभ्य आहे, हेही जाता जाता सांगू. स्थापनेच्या उलट विधीला आपण विस्थापन म्हणत नाही, ‘उत्थापन’ म्हणतो. पंचांगात नवरात्रोत्थापनाचा दिवस दिलेला असतो. देव हलवायचा तर आधी पूजा, मग विनंती, मग हात लावायचा. असो.

साहित्याच्या वर्गापुरते बोलायचे तर या शब्दाची तिथली वाटचाल दोन थोर वाटांनी झाली आहे. फ्रॉइडने १९०० च्या स्वप्नांवरील ग्रंथात दाखवले की स्वप्नात भावनेचा भार महत्त्वाच्या गोष्टीवरून क्षुल्लक गोष्टीवर सरकतो. ते त्याचे विस्थापन. आणि चार्ल्स हॉकेटने १९६० मध्ये मानवी भाषेची लक्षणे सांगताना येथे नसलेल्या आणि आत्ता नसलेल्या गोष्टींविषयी बोलता येणे यालाही हेच नाव दिले. दोन्ही संकल्पना आपल्या कामाच्या आहेत. बुडालेल्या गावातल्या आंब्याविषयी वसाहतीतली आजी बोलते ते हॉकेटचे विस्थापन. आणि त्या गावाची बातमी देताना सारा भर भरपाईच्या आकड्यावर सरकतो ते फ्रॉइडचे. आमची तक्रार आहे ती तिसऱ्या, सैल वापराविषयी. महानगरातला एकटेपणा, भाषांतरातली गळती, पिढ्यांतला दुरावा, सगळ्याला विस्थापन म्हणण्याची रीत समीक्षेत पडली आहे. यांसाठी आपल्याकडे परात्मता आहे, तुटलेपण आहे, परकेपणा आहे. रूपकाला आमचा विरोध नाही. पण ज्या शब्दाखाली नाव लागावे म्हणून माणसे वर्षानुवर्षे कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवतात, तो शब्द आपण इतक्या सहजी स्वतःला लावून घेतो, तेव्हा रांगेत आपण कोणाच्या पुढे घुसतो आहोत हे एकदा पाहिले पाहिजे.

आता त्या उपऱ्याकडे. विस्थापन म्हणण्यासाठी आधी स्थापन असावे लागते. आरंभबिंदूच नसेल तर मोजणार कोठून? लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ १९८० मध्ये आले. जुन्या महसुली ‘उपरी’च्या गोत्रातला हा शब्द, आणि माणूस असा की ज्याला कोणत्याच गावाने आपला म्हटले नाही. १८७१ च्या कायद्याने ज्या जमातींना गुन्हेगार ठरवले त्या १९५२ मध्ये ‘विमुक्त’ झाल्या. सुटल्या खऱ्या, पण कोठे जायला? त्यांच्या पालाला रोज उठवले जाते आणि ते विस्थापन कोणत्याही नोंदीत येत नाही, कारण पाल हे स्थान नव्हे. बीड जिल्ह्यातले ऊसतोड कामगार याहून थोडे वेगळे. त्यांना गाव आहे, घर आहे. वर्षातले पाच-सहा महिने मात्र ते फडावर असतात. मुकादमाकडून घेतलेल्या आगाऊ रकमेला त्यांच्या बोलीत ‘उचल’ म्हणतात आणि नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो. त्यांच्या जाण्याला सरकार ‘हंगामी स्थलांतर’ म्हणते. दुष्काळी भागातली माणसे साधेपणाने ‘जगायला जातो’ म्हणतात.

२०१३ च्या भूसंपादन कायद्याने, जो १ जानेवारी २०१४ पासून लागू झाला, बाधित कुटुंब आणि विस्थापित कुटुंब अशा दोन वेगळ्या व्याख्या केल्या. बाधितांत भूमिहीन शेतमजूर, कुळे, वाटेकरी, कारागीर हेही आले. अट एवढीच की संपादनापूर्वी तीन वर्षे ते त्या क्षेत्रात काम करत असावेत आणि उपजीविकेचे मुख्य साधन तेथले असावे. मुळशीच्या कुळाला १९२१ मध्ये जे दार बंद होते ते येथे बऱ्याच अंशी उघडले आहे. पण सर्वेक्षणाची माणसे दिवाळीनंतर गावात आली, आणि घराला कुलूप असले, आणि कोयता तेव्हा दुसऱ्या जिल्ह्यातल्या फडावर असला, तर पंचनाम्यात त्या घरापुढे काय लिहायचे, याला कायद्यात शब्द नाही.